आग्नेल, त्या दोन सीटा

आग्नेल,

परवा तुझ्या सातव्या दिवसाच्या मिसेला मी सगळ्यात मागच्या बाकावर बसलो होतो. तुला ते चाललं नसतं. मागे वजन झालं की नाक वर जातं, हा तुझा विमानाचा नियम, आणि तू तो चर्चमध्येही लावायचास. दाराशी रेंगाळणाऱ्या पुरुषांना दंडाला धरून पुढच्या बाकावर आणून बसवायचास. परवा तसं करणारं कोणी नव्हतं. मिसा संपल्यावर फादर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "तुम्ही दोघं विमान कंपनीत बरोबर होता ना? दोन शब्द बोला." घसा बसलाय म्हणून मी सुटका करून घेतली. घसा ठणठणीत होता. मला जे बोलायचं होतं ते तुझ्याशी बोलायचं होतं, आणि सहा वर्षं मी ते टाळत आलो होतो.

सगळे म्हणत होते, आग्नेल मनानं मोकळा माणूस. पहिल्याच दिवशी तू माझ्याशी मोकळेपणानं वागलास, तेव्हा मला तुझा भयंकर राग आला होता. मी घाटकोपरहून इस्त्रीचा शर्ट घालून आलेला नवा कारकून, वेळापत्रक आणि सामानाची वजनं मांडायची लोडशीट माझ्याकडे. तू आठ लोडरांचा मुकादम. एका प्रवाशाची पत्र्याची ट्रंक तू उचललीस, क्षणभर हातात तोललीस आणि म्हणालास, "बत्तीस किलो. लिही." मी म्हटलं, काट्यावर ठेवा. तू ठेवलीस. काटा साडेबत्तीस म्हणाला. तू काट्याकडे बघितलंस, माझ्याकडे बघितलंस आणि शांतपणे म्हणालास, "काटा दुरुस्तीला पाठव." आठही जण हसले. पुढच्या आठवड्यात मेकॅनिक आला आणि काटा अर्धा किलो पुढे दाखवतोय असं निघालं. त्या दिवसापासून तू माझा दोस्त झालास. मी तुझा कधी झालो ते मला नक्की सांगता येत नाही.

आपली कंपनी ती केवढी. सांताक्रूझ विमानतळाच्या एका कडेला पत्र्याची शेड, तीन म्हातारी डाकोटा विमानं आणि एक मॅनेजरसाहेब. आपण तिकिटं विकत नव्हतो. एखादं मंडळ, एखादा संघ, कधी लग्नाचं वऱ्हाड अख्खं विमान भाड्यानं घ्यायचं. गोव्याहून माणसं आणायची असतील तर विमान इथून गोव्याला रिकामं जायचं. त्या रिकाम्या फेरीत पायलट, को-पायलट आणि अठ्ठावीस मोकळ्या खुर्च्या. रोज बघत होतो आपण सगळेच. पण त्या खुर्च्यांत कोणीतरी बसू शकतं, हे पहिल्यांदा तुला सुचलं.

साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन तू सरळ विचारलंस, "साहेब, विमान रिकामं जातंय. आमची माणसं बसवू का?" साहेब हसले. पायलटची हरकत नसेल तर बसव म्हणाले. आणि मग ती पाळी सुरू झाली. कागदावर काही नव्हतं, सगळी तुझ्या डोक्यात. जो विमान भरतो त्याच्या घरचं माणूस रिकाम्या फेरीत बसणार, एका वेळी दोघं-तिघं, ज्याची पाळी त्याचं. सखारामची आई सावंतवाडीला आपल्या लेकीच्या बाळंतपणाला अशीच पोचली. बोटीनं जायची ती बाई, दीड दिवस ओकत जायची. दोन तासांत उतरली तेव्हा तिला पटेना की गोवा आला. पायलटला म्हणाली, "झिला, आजून वायच पुढे ने."

तुझ्या टोळीत सहा जण कोकणातले. त्यांना गाव होतं, गावी पोचायचं होतं. म्हणून तू त्यांना पुढे घातलंस आणि स्वतःच्या आईची पाळी शेवटी ठेवलीस. मी एकदा तुला छेडलं की मुकादमाची आई अजून जमिनीवरच कशी. तू म्हणालास, "त्यांना कुठंतरी पोचायचं असतं रे. आमचं गाव मरोळ. विमानतळाच्या भिंतीला चिकटलेलं. आमची आई काय, नुसती वर जाणार, बघणार, जुन्या गोव्याच्या चर्चला जाऊन बोटीनं परत येणार. बघायला काय घाई आहे?" तुमचे लोक इथले मूळचे, म्हणून तुम्हाला जायला गाव नाही, आणि जायला गाव नाही म्हणून तुझी आई सगळ्यात शेवटी. या हिशेबात काहीतरी चुकतंय असं मला तेव्हाही वाटलं होतं.

त्या पाळीनं काय केलं ते मला फार उशिरा कळलं. आपल्या शेडमध्ये कोणी नोकरी सोडून जात नसे. पेटी आपटली जात नसे. विमानाचं दार लावताना तुझी माणसं हात आडवा धरून हळू लावायची. ज्या विमानातून स्वतःची आई गेली त्याचं दार कोण आपटणार? मी हे सगळं माझ्या वेळापत्रकाचं यश समजत होतो.

आता त्या कागदाची गोष्ट.

एकाहत्तरच्या लढाईतले ब्लॅकआउट संपले त्याच्या पुढचं वर्ष. कंपनीचं काही खरं दिसत नव्हतं. साहेबांनी मला बोलावून म्हटलं, "वसंत, तू हुशार आहेस. काहीतरी सुचव." मी दोन रविवार घरी बसून एक कागद तयार केला. रिकामी फेरी विकायची. मंडळाला नाही, एकेका माणसाला. स्वस्तात स्वस्त तिकीट. जेवण नाही, चहा नाही, आपली पिशवी आपण उचलायची. आणि हे जमायचं तर विमान जमिनीवर फार वेळ उभं राहता कामा नये. पूर्वी दीड तास उभं असायचं, मी लिहिलं, वीस मिनिटं. वीस मिनिटांत रिकामं करायचं, पुसायचं, भरायचं, उडवायचं. साहेबांनी कागद दोनदा वाचला. मला बढती मिळाली, हातांची खुर्ची मिळाली.

तुम्ही सगळे समजत होतात की ही साहेबांची कल्पना. तुला तर खात्रीच होती. तू साहेबांना शिव्या घालायचास आणि मी तुझ्यासमोर बसून त्या ऐकायचो. तो कागद माझा होता, आग्नेल. त्यातली वीस मिनिटंही माझीच.

माझी बाजू मी सांगणारच, कारण तीही खोटी नाही. माझा बाप गिरणीत होता. तीस वर्षं गणपतीला बोटीनं गावी गेला, डेकवर पथारी टाकून, आणि वर विमान दिसलं की मान वर करून बघत राहायचा. "ते आपलं नव्हे," म्हणायचा. मला ते वाक्य खोटं पाडायचं होतं. आणि मी पाडलं. पहिली स्वस्त फेरी आठवते तुला? लालबागचे, घाटकोपरचे, बोरीवलीचे लोक. आयुष्यात पहिल्यांदा विमान जवळून बघणारे. शिडीपाशी आले आणि कित्येकांनी चपला काढल्या. देवळाच्या पायरीशी काढाव्यात तशा नीट जोडीनं मांडल्या आणि अनवाणी आत जाऊन बसले. तुमची सगळ्यांची नजर पेट्यांवर, माझी घड्याळावर. एकोणीस मिनिटांत विमान उडालं. मी खूश. आणि खाली अकरा जोड चपला.

तू त्या चपला किती वेळ बघत उभा होतास. मला वाटलं तू आता मला झोडणार. तू गोणपाटाचं पोतं आणलंस, एकेक जोड सुतळीनं बांधलास, एका लहान मुलीच्या सँडलचा पट्टा तुटला होता तो शेडमध्ये बसून शिवलास आणि पोतं पुढच्या फेरीनं पाठवून दिलंस. मग म्हणालास, "झकास लोक आहेत यार. यांना रोज न्यायला पाहिजे." स्वस्त तिकिटाचा तुला राग नव्हता. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण तुझ्या माघारी लोक तुला त्या नव्या धंद्याचा विरोधक करून टाकतील. तू त्या माणसांवर माझ्यापेक्षा जास्त प्रेम केलंस. तुझा प्रश्न वेगळा होता.

तो तू पहिल्यांदा विचारलास तेव्हा तीन फेऱ्या लागोपाठ भरून झाल्या होत्या आणि सखाराम शेडच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला होता, उठता येत नव्हतं. तू म्हणालास, "वसंता, एक सांग. या वीस मिनिटांत पाणी कधी प्यायचं?"

मी म्हटलं, "फेरी गेल्यावर."

"फेरी गेली की दुसरी येते."

"अरे, मग तिकीट वाढवू? वाढवलं की तो चपला काढणारा माणूस परत बोटीवर जाईल. चालेल तुला?"

"त्याला विचारलंस? सखारामची पाठ मोडून तुला स्वस्तात नेतो, बसशील का, असं विचारलंस त्याला? तो नाही म्हणेल बघ. तो पण गिरणीतलाच आहे."

"असं विचारून धंदा होतो का?"

"मग न विचारता किती दिवस होतो तेवढं तरी बघ," तू म्हणालास.

हा वाद आपण कुठं कुठं घातला. शेडमध्ये घातला, अंधेरी स्टेशनबाहेर घातला, तुझ्या थोरल्या मुलीच्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणात तुझ्या बायकोनं दोघांना गप्प बसवेपर्यंत घातला. मी आकडे सांगायचो, तू माणसं सांगायचास. मी चिडायचो कारण तुझ्या माणसांना माझ्याकडे रकाना नव्हता. तू चिडायचास कारण माझे आकडे बरोबर असायचे. दोघांपैकी कोणी हरलं नाही. आता हरायला तू नाहीस आणि जिंकण्यात मला काडीचा रस उरलेला नाही.

रिकामी फेरीच राहिली नाही, तेव्हा पाळी आपोआप संपली. नेमकी तुझ्या आईच्या तोंडाशी येऊन. तिनं नवं लुगडंसुद्धा काढून ठेवलं होतं. पंधरा दिवसांनी तू माझ्या टेबलापाशी आलास आणि म्हणालास, "अठ्ठावीस सीटा आहेत. सव्वीस विका. दोन आमच्या पाळीला ठेवा. पोरं आता कंटाळलीत, टिकणार नाहीत. दोन सीटा ठेवल्या तर टिकतील. साहेबांना तू सांग, तुझं ऐकतात."

मी गेलो. दुपारची वेळ होती, साहेब फोनवर होते. हातानं खूण करून त्यांनी मला बसायला सांगितलं. फोन संपेपर्यंत मी मनात हिशेब केला. दोन सीटा, आठवड्याला इतक्या फेऱ्या, महिन्याला इतकं. माझ्या कागदावर विमान भरलेलं दाखवलं होतं, अठ्ठावीसच्या अठ्ठावीस. आता मीच येऊन सव्वीस म्हणायचं? साहेबांना वाटेल, पोरगं कच्चं आहे. फोन ठेवून ते म्हणाले, "बोल वसंत." मी राजकोटच्या फेरीची वेळ विचारली. त्यांनी सांगितली. मी बाहेर आलो.

तू पाण्याच्या माठापाशी उभा होतास.

"काय म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"तोंडावर?"

"तोंडावर."

तू ग्लासभर पाणी प्यालास, ग्लास माठावर पालथा घातलास आणि म्हणालास, "ठीक आहे. तू विचारलंस तरी."

हे ते. हे मला तुला सांगायचं होतं. साहेब नाही म्हणाले नव्हते, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते हो म्हणाले असते का? ज्या माणसानं पहिल्यांदा हसून परवानगी दिली तो दुसऱ्यांदाही देऊ शकला असता. नसतीही दिली. मला ठाऊक नाही, आणि आता कोणालाच ठाऊक होणार नाही. साहेबांच्या वतीनं मीच नाही म्हणून टाकलं. धंद्यात नाही म्हणणारे मोठे लोक फार थोडे असतात, आग्नेल. त्यांचं नाही त्यांच्याआधी म्हणून टाकणारे माझ्यासारखे पुष्कळ.

पुढचं तू पाहिलंस. सखाराम नोकरी सोडून गेला, मग एकेक करून चौघं गेले. साहेबांनी भरायचं काम ठेकेदाराला दिलं. दर महिन्याला नवे चेहरे. तेही बिचारे राबत होते, पण ट्रंक हातात तोलून बत्तीस म्हणणारा त्यांच्यात नव्हता आणि काट्यावर ठेवायला माझी वीस मिनिटं पुरत नव्हती. एकदा सगळं जड सामान शेपटीकडे गेलं आणि पायलटनं विमान हलवायला साफ नकार दिला. उन्हात अख्खं विमान उतरवून परत भरलं, तीन तास गेले. दारं आपटू लागली. फेऱ्यांना उशीर होऊ लागला. लोक कंटाळले, आणि मग पेट्रोल भडकलं. कंपनी बंद पडली तेव्हा साहेबांनी पेट्रोलला दोष दिला. मीही दिला. पण वीस मिनिटांचं वेळापत्रक ज्यांच्या हातांवर उभं होतं ते हात आपण आधीच घालवले होते, हे मला माझ्या कागदात कुठं लिहावं ते कळलं नाही. तुझी टोळी असती तर पेट्रोल भडकूनही आपण वर्ष-दोन वर्षं तग धरला असता. तू म्हणायचास ना, किती दिवस होतो तेवढं बघ. धंदा तीन वर्षं झाला.

शेवटचे भेटलो ते मरोळ नाक्यावरच्या हॉटेलात, दीड महिन्यापूर्वी. तू तिथल्या औद्योगिक एस्टेटमधल्या कुठल्याशा कारखान्यात गोडाऊन सांभाळत होतास. कंबरेला तोच जुना चामड्याचा पट्टा. एकाएकी तुला जुनं आठवलं आणि तू हसून म्हणालास, "साहेब पण काय कंजूस माणूस होता. दोन सीटा दिल्या नाहीत." मी चहात साखर ढवळत राहिलो. साखर कधीच विरघळली होती. तू म्हणालास, "तुला काय झालं रे?" मी म्हटलं, काही नाही, ऑफिसचा ताप. तू माझ्या चहाचे पैसे दिलेस. त्या दिवशी सांगितलं असतं तर तू मला चार शिव्या दिल्या असत्यास, कदाचित महिनाभर बोलला नसतास, आणि मग एखाद्या रविवारी घाटकोपरला येऊन जेवायला बसला असतास. मला एवढं सगळं माहीत होतं आणि तरी मी चहा ढवळत राहिलो. याला भित्रेपणा म्हणतात. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही.

परवा मिसेनंतर मी तुझ्या घरी गेलो. घरात माणसं होती. तुझी आई मागल्या अंगणात एकटी होती. भात वाळत घातलं होतं आणि ती त्यातून हळूहळू चालत पायानं ते फिरवत होती. सत्तरीच्या पुढची बाई, मुलगा जाऊन आठवडा झालेला. पण भाताला ऊन लागलं पाहिजे. मी उंबऱ्यावर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. कागद, वीस मिनिटं, केबिन, माठ. म्हटलं, "मावशी, तुमची पाळी माझ्यामुळे गेली."

तिचे पाय थांबले नाहीत. भातातून एक सरी ओढत ती दुसऱ्या टोकाला गेली, परत आली.

"त्याला सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"धीर झाला नाही."

तिनं मान हलवली. रागावली की नाही ते मला कळलं नाही. एक कोंबडी भाताकडे येत होती तिला तिनं हाकललं. मग म्हणाली, "वसंत, मना सांग, वरून आमचं शेत दिसतं का रे?"

तुझ्या घराचं बाकीचं रान एस्टेटमध्ये गेलं, पण कारखान्यांच्या दोन भिंतींमध्ये तेवढा एक तुकडा तुम्ही धरून ठेवलात. तिच्या पायाखालचं भात त्याच तुकड्यातलं. तिला गोवा बघायचा नव्हता, आग्नेल. आपण सगळे धरून चाललो होतो की तिला कुठं पोचायचं नाही. तिला तो तुकडा वरून बघायचा होता, आणि ते तिला कोणी विचारलं नव्हतं, तूसुद्धा.

मी त्या विमानातून कामानिमित्त चार वेळा गेलो होतो. नाही म्हणणं फार सोपं होतं. नाही दिसत मावशी, विमान लगेच समुद्राकडे वळतं. तिला हायसं वाटलं असतं, काही गमावलं नाही असं वाटलं असतं, आणि मीही हलका झालो असतो. खरंखोटं करायला ती कुठं जाणार होती? तोंडाशी आलं होतं माझ्या.

"दिसतं," मी म्हणालो. "वारा पूर्वेचा असला की विमान इकडूनच वर जातं. डाव्या खिडकीतून दिसतं."

"किती वेळ?"

"दहा-बारा सेकंद."

तेव्हा तिचे पाय थांबले. ती भाताच्या मधोमध उभी राहिली.

"तेवढं पुरलं असतं मना," ती म्हणाली.